फीच्या बिलातली ती ओळ: अमेरिकन कॉलेजांचे खेळ कोणाच्या पैशावर चालतात

अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांच्या बिलात ट्यूशनच्या खाली ‘मँडेटरी फी’ अशी एक ओळ असते. तिची फोड मागितली की बससेवा, आरोग्य केंद्र, स्टुडंट सेंटर यांच्या जोडीला ‘ॲथलेटिक्स’ निघतं आणि बऱ्याच ठिकाणी तोच सगळ्यांत जाड तुकडा असतो. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात ही रक्कम दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २००० डॉलरच्या वर जाते. चार वर्षांत एकदाही स्टेडियमकडे न फिरकलेला विद्यार्थीही ती भरतो.

बातम्यांमधून कानावर येतात ते टीव्हीचे अब्जावधींचे करार आणि फुटबॉल (इथे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल) कोचचे पगार. तेही खरंच आहे, पण थोड्या कॉलेजांपुरतं. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या, डिव्हिजनमध्ये सुमारे ३६० कॉलेजं आहेत. एनसीएएच्याच हिशेबाने २०१९ साली त्यांतल्या फक्त २५ क्रीडा विभागांची स्वतःची कमाई खर्चापेक्षा जास्त होती आणि ते सगळे बड्या पाच कॉन्फरन्समधले, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांमधले, होते. बाकीच्यांची तूट कोणीतरी भरून काढतं.

म्हणून क्रीडा विभागाचा हिशेब हातात आला की आधी उत्पन्नाचे दोन ढीग करावेत. पहिला ढीग कमावलेल्या पैशांचा: तिकिटं, देणग्या, कॉन्फरन्स आणि एनसीएएकडून येणारा वाटा, टीव्हीहक्क, जाहिराती व प्रायोजकत्व, दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला मिळालेली बिदागी, पार्किंग, खाणंपिणं, उन्हाळी शिबिरं. दुसरा ढीग मिळालेल्या पैशांचा: विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून आलेली रक्कम, विद्यापीठाने परस्पर उचललेला वीज-देखभाल-प्रशासनाचा खर्च आणि क्वचित राज्य सरकारची मदत. मोठ्या कॉन्फरन्समधल्या तगड्या विद्यापीठांत दुसरा ढीग नावापुरता असतो. लहान कॉलेजांत एकूण उत्पन्नाच्या निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत तोच असतो.

आधी टीव्ही, कारण सगळ्या विषमतेचं मूळ तिथे आहे. १९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्हीहक्क एनसीएए एकहाती विकत असे आणि कुठला संघ किती वेळा टीव्हीवर दिसेल हेही तीच ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने दिलेल्या निकालात सुप्रीम कोर्टाने १९८४ साली ही मक्तेदारी मोडली. तेव्हापासून नियमित हंगामातल्या फुटबॉलचे हक्क कॉन्फरन्स विकतात आणि एनसीएएला त्यातलं काही मिळत नाही. एनसीएएची कमाई मुख्यतः मार्चमधल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेची आहे. सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांशी २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा करार झाला आणि २०१६ साली आणखी ८.८ अब्ज देऊन तो २०३२पर्यंत वाढवला.

त्या स्पर्धेचा पैसा कॉलेजांपर्यंत पोहोचण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. संघ स्पर्धेत खेळला की प्रत्येक सामन्यागणिक त्याच्या कॉन्फरन्सला एक ‘युनिट’ मिळतं. अंतिम सामना यात मोजत नाहीत. एका युनिटचे पैसे सहा वर्षं हप्त्याने येतात आणि सगळे मिळून साधारण २० लाख डॉलर होतात. हे पैसे कॉलेजाच्या नावावर येत नाहीत, कॉन्फरन्सकडे जातात आणि तिच्या नियमाप्रमाणे वाटले जातात. त्यामुळे एखाद्या छोट्या कॉलेजाने दोन बड्यांना हरवून देशभर नाव कमावलं, तरी त्याच्या हाती त्याचा एक पातळ काप येतो. महिलांच्या स्पर्धेला युनिटची पद्धत २०२५ साली लागू झाली, म्हणजे इतकी वर्षं त्या संघांनी जिंकलेल्या सामन्यांचं अशा प्रकारचं मोल शून्य होतं.

फुटबॉलचा आकडा वेगळ्याच पातळीवर आहे. एसईसी कॉन्फरन्सने २०२३-२४ या आर्थिक वर्षात सदस्यांना ८० कोटी ८० लाख डॉलर वाटले, म्हणजे दर कॉलेजामागे सरासरी ५ कोटी २५ लाखांच्या आसपास. बिग टेन कॉन्फरन्सने २०२२ साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी ७ अब्जांहून मोठा करार केला. फुटबॉल प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यांचा, ईएसपीएनशी झालेला नवा करार २०२६पासून वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा आहे आणि त्यातले साधारण ५८ टक्के या दोनच कॉन्फरन्सकडे जातील.

कॉन्फरन्स बदलण्याची जी लाट आली ती याच आकड्यांमुळे. कॅलिफोर्नियातल्या यूएससी आणि यूसीएलए विद्यापीठांनी जून २०२२मध्ये पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडून बिग टेनला जाण्याचं जाहीर केलं आणि २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत पॅक-१२मध्ये दोनच कॉलेजं उरली. अशा उडीची किंमत असते. मेरीलँडने एसीसी ही कॉन्फरन्स सोडली तेव्हा ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड झाली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले ते अर्ध्या वाट्यावर. डॅलसच्या एसएमयूने तर एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या वाट्यावर पाणी सोडलं आणि मग त्यांच्या धनिक माजी विद्यार्थ्यांनी आठवडाभरात १० कोटी डॉलर उभे केले. प्रत्येक कॉलेजाला हे जमणार नाही. नव्या कॉन्फरन्सच्या घोषणेनंतर आधी वाट्याचं वेळापत्रक विचारावं: पूर्ण वाटा कोणत्या वर्षापासून, आणि तोवर वाढलेला विमानप्रवास कोण सोसणार? फुटबॉल संघ दूरचे सामने हंगामात पाच-सहाच खेळतो. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉलच्या मुली मात्र आठवड्याच्या मधल्या वारी देशाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि त्यांच्या खेळांचं उत्पन्न जवळपास शून्य असतं.

देणगी हा शब्द इथे थोडा जपून वाचावा. मोठ्या कॉलेजात चांगल्या जागेचं सीझन तिकीट नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळत नाही. आधी विभागाच्या फाउंडेशनला दर खुर्चीमागे ठरावीक ‘देणगी’ द्यावी लागते, मग ते तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. हिशेबात तिकीट एका ओळीत जातं आणि ही रक्कम दुसऱ्या ओळीत. देणगीचा आकडा मोठा दिसला म्हणजे लोकांनी प्रेमाने दिलं असं समजू नये. त्यातलं बरंचसं खुर्चीचं भाडं असतं. या देणगीचे ८० टक्के पूर्वी आयकरातून वजा करता येत. २०१७च्या करकायद्याने ती सवलत पूर्ण काढली, २०१८पासून. कायदा झाला त्या डिसेंबर २०१७मध्ये कित्येक विभागांनी देणगीदारांना पुढच्या काही वर्षांची रक्कम आगाऊ भरायला सांगितलं. म्हणून २०१७-१८ या वर्षाच्या देणगीच्या आकड्याची इतर वर्षांशी तुलना करताना सावध राहावं.

खऱ्या अर्थाची मोठी देणगी वेगळी. ओक्लाहोमा स्टेटला टी. बून पिकन्स यांनी एकाच वेळी १६ कोटी ५० लाख डॉलर दिले होते. पण असा पैसा बहुधा इमारतीला बांधलेला असतो. त्यातून रोजचा पगार निघत नाही आणि इमारत उभी राहिली की तिची देखभाल, वीज, विमा हे रोजच्या खर्चातच येतं.

बिदागीचे सामने हा लहान कॉलेजांचा हक्काचा, आणि शरीराने फेडायचा, उत्पन्नमार्ग आहे. मोठ्या कॉलेजाला सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर सोपा सामना हवा असतो. ते लहान कॉलेजाला रोख रक्कम देऊन बोलावतं आणि परतफेडीचा सामना ठेवत नाही. २००७ साली मिशिगनने ॲपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि हरलं. २०२२ साली नेब्रास्काने जॉर्जिया सदर्नला १४ लाख २३ हजार दिले आणि तेही हरले. निकाल असे क्वचितच लागतात. बहुतेक वेळा पाहुणे चाळीस-पन्नास गुणांनी हरतात आणि दोन-तीन खेळाडू जायबंदी होऊन परततात. तरी करार होतात, कारण असे दोन सामने खेळले की वर्षभराच्या दोन-तीन बिनकमाईच्या खेळांचा खर्च निघतो. करारात पाहायची कलमं दोन. सामना रद्द केल्यास कोणी किती द्यायचं, आणि प्रवास-हॉटेलचा खर्च बिदागीत धरला आहे की वेगळा. दुसरं कलम नीट न वाचल्याने हातात आलेली रक्कम चांगलीच घटते.

जाहिरात आणि प्रायोजकत्वाचे हक्क बहुतेक कॉलेजं लर्नफील्डसारख्या कंपनीला एकगठ्ठा देतात. कंपनी किमान रकमेची हमी देते आणि त्यापुढच्या विक्रीत वाटा. कपडे-बुटांच्या करारात जाहीर झालेला आकडा रोख नसतो, त्यातला मोठा भाग माल असतो. आणि करार मोडूही शकतो. यूसीएलएचा अंडर आर्मरशी २०१६ साली झालेला २८ कोटींचा १५ वर्षांचा करार कंपनीने २०२० साली संपवला आणि पुढे तडजोडीत ६ कोटी ७५ लाख मिळाले.

आता खर्च. इथे एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही: स्कॉलरशिप. खेळाडूला फी माफ असते, पण क्रीडा विभाग ती फी विद्यापीठाला भरतो, छापील दराने. समजा, राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा दर ५० हजार डॉलर आहे आणि विभागाकडे असे २०० खेळाडू आहेत. विभागाच्या खर्चात १ कोटी लागले. पण वर्गात जागा रिकाम्या असतील, तर त्या २०० जणांना शिकवण्याचा विद्यापीठाला पडलेला जादा खर्च याच्या कितीतरी कमी असतो. म्हणजे एका खिशातून दुसऱ्यात गेलेला पैसा ‘खर्च’ म्हणून दिसतो आणि तो भरायला विद्यापीठाने दिलेला निधी ‘मदत’ म्हणून दिसतो. काही विद्यापीठं राज्याबाहेरच्या खेळाडूंनाही राज्यातलाच दर लावतात. तिथे कमी दरामुळे न भरावा लागलेला पैसाच तूट कमी करून दाखवतो. दोन कॉलेजांच्या तुटीची तुलना करण्याआधी हा दर विचारला नाही, तर तुलना फुकट जाते. मात्र ‘हा नुसता कागदी खर्च आहे’ असं म्हणून सगळी तूट झटकणंही चूक आहे. पगार, विमानं, हॉटेलं, डॉक्टर आणि कर्जाचे हप्ते कागदी नसतात.

पगारात सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे बायआउट. कोचला मुदतीआधी काढलं तर उरलेल्या करारातला किती हिस्सा द्यायचा हे आधीच लिहिलेलं असतं, आणि चांगला हंगाम झाला की घाईने करार वाढवून हा आकडा फुगवला जातो. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरची जबाबदारी अंगावर घेतली. जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं. तीन आठवडे थांबले असते तर १ ऑक्टोबरपासून दीड कोटींचा बायआउट निम्म्यावर येणार होता. ही रक्कम कधी देणगीदार भरतात, कधी फाउंडेशन. ते पैसे दुसऱ्या कशाला तरी मिळाले असते, हा भाग हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि कर्ज. बर्कली विद्यापीठाचं कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम हेवर्ड भूभ्रंशावर उभं आहे. भूकंपसुरक्षेसाठी त्याची पुनर्बांधणी करणं भागच होतं. काम २०१२ साली पुरं झालं, खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर. शेजारच्या खेळाडू केंद्रासह कर्ज ४० कोटींच्या वर गेलं. हे कर्ज खुर्च्यांचे दीर्घ मुदतीचे हक्क विकून फेडायचं असा बेत होता. एकेका जागेला ४० हजार डॉलरपासून पुढे, हप्त्याहप्त्याने. चूक अशी झाली की खरेदीदाराला हप्ते मध्येच थांबवता येत होते. कागदावर दिलेलं वचन उत्पन्न म्हणून धरलं आणि संघ हरायला लागल्यावर माणसं गळाली. शेवटी २०१८च्या सुमारास कर्जाचा अर्ध्याहून जास्त भाग विद्यापीठाच्या मुख्य खात्याने उचलला. त्या दिवसापासून क्रीडा विभागाचा हिशेब सुधारलेला दिसतो. कर्ज मात्र तेवढंच आहे.

२०२५पासून खर्चात नवीन आणि मोठी ओळ आली. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मान्यता दिली आणि १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ती बड्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांच्या तिकिटं, टीव्हीहक्क, प्रायोजकत्व अशा ठरावीक उत्पन्नांच्या सरासरीच्या २२ टक्क्यांवर बेतली आहे. नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपपैकी २५ लाखांपर्यंतची रक्कम याच मर्यादेत मोजली जाते. स्कॉलरशिपच्या संख्येची जुनी मर्यादा गेली, तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची आली; फुटबॉलला ८५ स्कॉलरशिपऐवजी १०५ खेळाडू. याशिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायची आहे. तिचा काही भाग एनसीएए सगळ्या डिव्हिजन वन कॉन्फरन्सच्या वाट्यातून कापून देणार आहे. ज्यांच्या खेळाडूंना टीव्हीने कधी विचारलं नाही, त्या कॉलेजांच्या वाट्यालाही ही कात्री लागते.

खेळाडूंना पैसे मिळायलाच हवे होते. स्टेडियम त्यांच्यामुळे भरतं. प्रश्न एवढाच की हे दोन कोटी येतात कुठून. टेनेसीने २०२५च्या तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावली, म्हणजे प्रेक्षकाकडून घेतले. हे निदान उघड आहे. ज्यांच्याकडे भरलेलं स्टेडियम नाही त्यांच्यापुढे दोनच वाटा राहतात: कमाई नसलेले खेळ कापणं किंवा विद्यार्थ्यांची फी वाढवणं. खेळ कापतानाही १९७२चा टायटल नाइन कायदा आहे. मुलामुलींच्या संधींचं प्रमाण बिघडलं की खटला उभा राहतो, म्हणून बहुतेक वेळा पोहणं, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांतले पुरुषांचे संघ आधी जातात. तेवढी बचतही अंदाजापेक्षा कमी निघते. चालू खेळाडूंच्या स्कॉलरशिप बहुधा पाळल्या जातात, कोचचे करार फेडावे लागतात आणि त्या खेळाचे देणगीदार कायमचे तुटतात.

डिव्हिजन थ्रीचा, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यांत खालच्या गटाचा, प्रकार उलटा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिपच नाही. लहान खासगी कॉलेजं फुटबॉलचा संघ काढतात तो प्रवेश वाढावेत म्हणून. समजा, संघात १०० मुलं आली आणि सवलत वजा जाता प्रत्येकाने २० हजार डॉलर भरले, तर २० लाख जमा झाले. संघाचा खर्च सात लाख. गणित छान दिसतं. फसतं ते एका ठिकाणी: त्या शंभरांतले किती जण संघ नसतानाही आले असते, हे कोणी मोजत नाही, आणि पहिल्या वर्षानंतर संघ सोडणारे बरेचदा कॉलेजही सोडतात.

आता स्वतः पाहायचं असेल तर. सरकारी विद्यापीठ दरवर्षी एनसीएएला एक वित्तीय अहवाल देतं. राज्याच्या माहिती हक्काच्या कायद्याखाली तो मागता येतो. अर्जात ‘एनसीएए मेंबरशिप फायनान्शियल रिपोर्ट’ असं नाव आणि आर्थिक वर्ष लिहावं; ‘क्रीडा विभागाचे सगळे हिशेब’ असं मोघम मागितलं की शोधखर्चाचं बिल येतं. सरकारी कॉलेजांचे आकडे नाइट-न्यूहाउस डेटाबेसमध्येही तयार मिळतात. खासगी कॉलेजांवर हे बंधन नाही. केंद्रीय शिक्षण खात्याकडे प्रत्येक कॉलेजाचा एक अहवाल असतो, पण त्यात उत्पन्न खर्चापेक्षा कमी दाखवता येत नाही, विद्यापीठाची मदत धरून ते जुळवावं लागतं. तो वाचून ‘कॉलेज ना नफा ना तोटा’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात.

एनसीएएच्या अहवालातल्या चार ओळींची बेरीज करा: विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठाची थेट मदत, अप्रत्यक्ष मदत, सरकारी मदत. विभागाने विद्यापीठाला परत दिलेली रक्कम त्यातून वजा करा आणि एकूण उत्पन्नाने भागा. ४ कोटींच्या उत्पन्नात १ कोटी ६० लाख फी, ९० लाख थेट आणि ३० लाख अप्रत्यक्ष असेल, तर २ कोटी ८० लाख म्हणजे ७० टक्के बाहेरून आलेले. व्हर्जिनियाने २०१५ साली याच प्रमाणावर कायद्याने मर्यादा घातली: बड्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांना २० टक्के, वरच्या फुटबॉल गटातल्या बाकीच्यांना ५५, त्याखालच्या गटाला ७०. त्या कायद्याआधारे आपल्या कॉलेजाचं प्रमाण कुठे बसतं ते इतर राज्यांतल्यांनाही ताडून पाहता येतं.

एकाच वर्षाचा अहवाल मात्र घेऊ नये, सलग पाच घ्यावेत. ओहायो स्टेटसारख्या श्रीमंत विभागालाही २०२३-२४मध्ये ३ कोटी ७७ लाखांची तूट आली. त्या हंगामात घरच्या मैदानावर सहाच सामने होते, आदल्या वर्षी आठ होते. असे चढउतार वेळापत्रकाचे असतात. पाच वर्षं सलग फीची ओळ चढत असेल आणि तिकिटांची ओळ जागची हलत नसेल, तर विद्यापीठाच्या बोर्डाच्या बैठकीत विचारायचा प्रश्न तिथे सापडतो. फीवाढीचा ठराव बहुतेक विद्यापीठांत वसंत ऋतूतल्या बैठकीत येतो आणि अजेंडा काही दिवस आधी जाहीर होतो. तो ‘ऑक्झिलरी फी’ किंवा ‘स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी’ या नावाखालीही असू शकतो, म्हणून परिशिष्टातला तक्ता उघडून ‘ॲथलेटिक्स’ हा शब्द शोधावा.